पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग
बुलढाण्याच्या दवाखान्यात मी रक्त तपासायच्या खोलीत लागलो, त्याच वर्षी नागपूरहून एक नवे डॉक्टर आले. मोठी जखम झाली की माणसाच्या रक्तातलं क जीवनसत्त्व कुठं जातं, हे त्यांना शोधायचं होतं. दवाखान्यातले बाकी सगळे, जखमी माणूस वेळेत दवाखान्यापर्यंत कसा पोचेल, याचीच वाट शोधत होते.

हिवाळ्यात धाड गावाकडचा एक शेतकरी आला. कापसाच्या गाडीचं चाक मांडीवरून गेलेलं. हाड बसवलं, टाके घातले, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी सुई घेऊन हजर. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोनं मला अडवलं.

"भाऊ, एवढं रक्त गाडीनं सांडलं. उरलेलं तुमी काऊन काढून राह्यले?"

"तपासाले."

"मंग तपासून झालं की वापस टाकता का?"

मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. नाही टाकता येत, म्हणाले.

हातानं फिरवायच्या यंत्रात रक्त फिरवून वरचं पिवळसर पाणी काढायचं, ते आम्ल घालून नितळ करायचं आणि त्यात निळं औषध थेंब थेंब सोडायचं; आम्लात ते गुलाबी होतं. जीवनसत्त्व असलं तर रंग उडतो; संपलं की गुलाबी टिकतो. याच्या रक्तात पहिलाच थेंब गुलाबी राहिला. डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन आठवड्यांत पाच-पाच थेंबांचा रंग उडू लागला. डॉक्टरांनी आलेख काढून माझ्या खोलीच्या भिंतीवर लावला.

मग चादर बदलताना नर्सबाईंना उशीच्या खोळीत सगळ्या गोळ्या सापडल्या.

"आंबट हायेत," शेतकरी म्हणाला. "जखमेले आंबट चालत नाही."

"मग खाल्लंस तरी काय?" डॉक्टरांनी विचारलं.

बायकोनं पिशवी पुढं केली. "पेरू. वावरातले. गोड हायेत."

डॉक्टरांनी पिशवीतला एक पेरू हातात घेतला. मला वाटलं, आता ओरडणार.

"रोज किती?"

"दोन. मी नसली त चार."

त्यांनी ते लिहून घेतलं. भिंतीवरच्या आलेखात 'गोळ्या' खोडून 'पेरू' लिहिलं आणि खाली सही केली.

तीन महिन्यांनी तो काठी टेकत धाडच्या एसटीत चढला. पाय थोडा आखूड राहिला होता. मला वाईट वाटत होतं. तो मात्र बायकोला खिडकीजवळ जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी भांडण्यात गुंतला होता.