टाकीला आंबील चालत नाही

ड्रम पार वर आला होता आणि शेगडी मात्र पेटत नव्हती. मेसच्या मुख्य आचारी रझियाखाला काडीवर काडी ओढत होत्या. "मिस्त्री, तुमची टाकी फुगून बसली, पण काम न्हाई करत. पोरांचं वरण काय उन्हात शिजवू?"

लातूरच्या त्या होस्टेलमागचा बायोगॅस मी बांधला होता. मेसचं उरलेलं अन्न आणि शेण पाण्यात कालवून विहिरीसारख्या टाकीत सोडायचं. आत ते कुजतं, गॅस होतो आणि वरचा लोखंडी ड्रम उचलला जातो. कुजून बाहेर येते ती स्लरी. ती होस्टेलच्या मालकांच्या, देशपांडे सरांच्या शेतात जायची. त्यांची युरियाची पोती त्यामुळे बरीच कमी झाली होती.

मी हदगावकडचा. आठवीत शाळा सुटली. भूकंपानंतर घरं बांधायच्या कामावर इकडे आलो, ते इथलाच झालो. हा प्लांट मी पहिल्यांदाच एकट्याच्या जबाबदारीवर घेतला होता. क्लासेसमुळे गल्लोगल्ली होस्टेलं निघत होती, आणि बाकीचे मालक याच टाकीवर नजर ठेवून होते. ही बंद पडली की माझं टाकीचं काम संपलं.

सर आले. क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. "रविवारपर्यंत थांबतो. न्हाई पेटलं तर सिलिंडर आणतो आणि खड्डा बुजवतो."

"सर, मी बघून राहिलो ना."

"बघून राहिलात ते दिसतंय. जरा पेटवून राहा."

बर्नर खोलून साफ केला. पाइपात साचलेलं पाणी काढलं. काहीच फरक नाही. मग स्लरीचा वास घेतला. चांगली स्लरी फारशी वास मारत नाही. ही नाकात घुसली. आंबट.

"खाला, टाकीत काय घातलं?"

"तुम्ही सांगितलं तेच. उरलेलं."

"काय उरलं होतं?"

खालांनी सरांकडे बघितलं. सरांनी ड्रमकडे.

नुकतीच येळवस झाली होती. म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरची माणसं शेतात जाऊन जेवतात. सरांनी अख्खं होस्टेल शेतात नेलं होतं. जेवणात आंबील असतेच, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली. पातेलीच्या पातेली उरली. अन्न वाया जाऊ नये म्हणून सरांनी ती सगळी टाकीत ओतायला लावली. आमच्या हदगावकडं येळवस न्हाई, त्यामुळं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सरांनी लॅबमधून लिटमस आणला. निळा कागद बुडवताच लाल झाला. "ॲसिड वाढलं. गॅस करणारे जंतू थंडावले," सर म्हणाले. "ड्रम भरलाय तो कार्बन डायऑक्साइडनं. त्यानं आग विझते, पेटत न्हाई."

अन्न घालणं बंद केलं. ड्रममधला गॅस सोडून दिला. शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण आणलं. आंबटपणा मारायला मी घाबरून चुन्याची निवळी बादलीनं ओतायला निघालो, तर सरांनी हात धरला. "हळू. उरलेले जंतूही मारता का?" थंडी होती म्हणून ड्रमवर बारदान टाकलं.

रविवारी काडी लावली. निळी ज्योत आली, थरथरली आणि गेली.

"सर," खाला म्हणाल्या, "माझ्या सुनेला बाळंतपणानंतर सव्वा महिना उठू दिलं न्हाई. ह्या टाकीला निस्ता रविवार?"

सर हसले. "बरं. पण खाला, तोवर सिलिंडर तुम्ही उचलायचा."

"उचलते की. मिस्त्री हाय ना धरायला."

सिलिंडर मीच उचलले. हळूहळू वास उतरला, ज्योत टिकायला लागली. एका सकाळी खालांनी त्याच गॅसवर वरण चढवलं आणि ते शिजून खाली येईपर्यंत ज्योत हलली नाही. शेजारच्या होस्टेलचा मालक वास घेत आत आला आणि टाकीची खोली-रुंदी विचारून गेला. मी परत हदगावला गेलो नाही, यात खालांचा आणि सरांचा वाटा मोठा.

आता नव्या प्लांटचं माप घेण्याआधी मी विचारतो, तुमच्याकडं कोणत्या सणाला काय उरतं? लोक हसतात. हसू देत. खड्डा दोरीनं मोजता येतो. त्यात काय पडणार, ते स्वयंपाकघरात विचारावं लागतं.