कोरडा कापूस

स्पिरिटचा वास आला की मला परभणीच्या दवाखान्यातला कापसाचा बोळा आठवतो. आईनं गुडघ्यासाठी तीन तऱ्हेच्या गोळ्या मनानंच घेतल्या होत्या. नावं निराळी, औषध एकच निघालं, आणि लिव्हरवर गेलं; तिला भरती करावं लागलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्टातला लिव्हरचा वाढलेला आकडा निम्म्यावर आला. मी हुरळले, तर रक्त काढणाऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, नुसत्या त्याच्यावर जाऊ नका. लिव्हर पार थकलं तरी बी तो उतरतो. रक्त गोठायला किती वेळ लागायलाय, ते बघा.” मग मी आईच्या हातावरचा बोळाच बघत बसले. सुईची जागा दाबून माझा अंगठा बधिर व्हायचा, आणि उचलला की कापूस पुन्हा लाल. पाचव्या दिवशी दुपारी तो कोरडा निघाला, रिपोर्टही तेच म्हणाला. मी भिंतीला टेकून डोळे मिटले, तोच आई म्हणाली, “गुडघा लय दुखायलाय गं, एखादी गोळी दे की.” पाच दिवस आम्ही तिचं रक्त तपासत होतो, गुडघ्याचं कुणीच विचारलं नव्हतं. आता माझाही गुडघा दुखतो, आणि मीही घरात कुणाला सांगितलेलं नाही.