मुकादमासमोरचा खोकला

जिनिंगमध्ये कापूस वाहणाऱ्या बायांच्या छातीत रुई जाते, हे आमच्या संघटनेला सर्वेक्षण करून मांडायचं होतं. धुळ्याची दोघं, जळगावचे आम्ही तिघं. प्रश्नावली झाली, वस्त्या वाटून झाल्या. मग आमच्या समन्वयक भाऊंनी घरोघरी फिरण्याचा वेळ वाचवला आणि थेट मुकादमालाच फोन लावला. आपल्याकडे मजुरांना भेटायचं तर आधी मुकादमाला विचारायचं. संशोधनही त्याच दाराने आत गेलं. त्याने बायांना शेडमध्ये आणून बसवलं आणि समोर खुर्ची टाकून स्वतःही बसला.

"अक्का, खोकला येतो का?" मी एकीला विचारलं.

पदर तोंडावर दाबून ती भरपूर खोकली. मग मुकादमाकडे बघत म्हणाली, "नही वं ताई, माले काहीच तरास नही."

"लिखा, लिखा," मुकादम हसला. "आमनी अक्का घोडी शे घोडी!"

बैठकीत मी म्हणाले, "हे कसलं सर्वेक्षण? फेका ही उत्तरं, बायांना घरी जाऊन भेटू."

"अहवाल सोमवारी द्यायचाय ताई," भाऊ म्हणाले. "भाषण मोर्चात कर."

अहवाल गेला. 'कामगारांची तक्रार आढळली नाही.' आता बायांसाठी मास्क मागायला गेलो, की मालक आमचाच अहवाल आमच्यापुढे सरकवतो.