शालूआक्कांचं शटर

बेळगावात शहापूरच्या शालूआक्कांना दुकान मिळवून देणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा पराक्रम आणि सगळ्यात मोठा ताप. माग बंद पडलेल्या विणकर घरांतल्या बायकांना नावाजलेल्या कंपन्यांची फ्रँचायझी मिळवून द्यायची, हे आमच्या संस्थेचं काम. आक्कांना चहाच्या कंपनीची पाटी मिळावी म्हणून मी, टिळकवाडीची केतकी, चार महिने बेंगळुरूच्या साहेबांच्या मागं लागले होते. त्यांची अट एकच. न कळवता तीनदा दुकान बंद ठेवलं की पाटी काढून नेणार.

पहिल्याच महिन्यात समोरचे म्हातारे गेले. शटर खाली. पुढच्या महिन्यात गल्लीच्या टोकाला कुणाची तरी चुलती गेली. पुन्हा शटर खाली.

"आक्का, तुम्ही तिला ओळखत तरी होता का?"

"न्हाय. पर गल्लीतली हाय की. मयत हलल्याबिगर चूल कशी पेटवायची गं?"

साहेबांना फोन केला. म्हणाले, अशा सुट्टीसाठी दोन दिवस आधी अर्ज द्या. मरणाऱ्यानं तो कुठल्या टेबलावर द्यायचा, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

मग साहेब तपासणीला येणार, नेमकी त्याच दिवशी सकाळी मनुबाई गेली. नळावरच्या भांडणातून बारा वर्षं आक्कांशी अबोला धरलेली बाई. हिच्यासाठी तरी आक्का अडून बसणार नाहीत, असं मला वाटलं. कसलं काय. मी हात जोडले, ओरडले, अर्धं शटर तरी उघडा म्हणाले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"भांडाण नळाचं हुतं," एवढंच बोलून त्या मनुबाईच्या दारात जाऊन बसल्या.

साहेब आले, बंद शटरचा फोटो काढला आणि पाटी उतरवून गाडीत घातली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग.

दुपारी मनुबाईला नेलं. आक्का आंघोळ करून आल्या, शटर वर केलं, पातेलंभर चहा केला आणि किटली घेऊन मनुबाईच्या घराकडं निघाल्या. कप मी घेतले, धुसफुसतच.

वाटेत म्हणाल्या, "दुसरी कंपनी बघशील न्हवं?"

"बघते," मी दातओठ खात म्हणाले.

"बघ. पर ह्या बारीला सही करायच्या आदी त्यास्नी सांग, गल्लीत मयत झालं की दुकान बंद. लिहूनच घे."

चार महिने तो करार मी उलटसुलट वाचला होता. ही एक ओळ त्यात घालून घ्यायचं मला सुचलं नव्हतं.