अठरा किलो ज्वारी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गणितावरून भांडण. दुपारी ओसरीवर ती ज्वारी पाखडत बसली होती आणि मी भिंतीला टेकून नातीच्या पुस्तकातला सवाल मोठ्यानं वाचत होतो. नात पाचवीला. लातूरच्या निवासी शाळेची परीक्षा परवावर आलेली. तिथं नंबर लागला तर राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं पोरी घरी बसतात. हे पोरीला ठाऊक होतं, म्हणून ती पुस्तक सोडत नव्हती.

पोराला, सुनेला रानातून सवड न्हाई. मग शिकवायला राहिलो आम्ही दोघं. मी चौथीतून सुटलेला आणि ती शाळेच्या वाटेलाही न गेलेली. मी वाचायचो आणि ती उलटतपासणी घ्यायची. "चार माणसं एक भिंत सहा दिवसांत बांधतात," असं वाचलं की विचारायची, "मिस्त्री धरून चार का सोडून?" नात हसायची आणि हसता हसता उत्तर काढायची. कसं काढायची ते मला बहुतेक वेळा कळायचं न्हाई.

त्या दिवशीचा सवाल असा: एका कुटुंबाकडे अठरा किलो ज्वारी आहे. रोज दोन किलो लागते, तर ती किती दिवस पुरेल?

"नऊ," नात म्हणाली.

"आठ," ती म्हणाली. सूप थांबवलं न्हाई.

"आज्जी, अठराला दोननं भागलं की नऊच येतं."

"येऊ दे. शेवटचं माप कुणी काढतं का माय? कोठीचा तळ दिसू देत न्हाईत. ते एक माप राखायचं, त्याच्यावर नवी ज्वारी ओतायची."

"पुस्तकात तसं लिवलेलं न्हाई," मी म्हणालो.

"पुस्तकवाल्याच्या घरात बाई न्हाई वाटतं."

"तू पोरीला नापास करून राहिली."

"आन् तुमी? चौथीत दोन साल काढले, तुमी मला हिशेब सांगा!"

नात खोडरबर हातात धरून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. खाली दिलेल्या चार उत्तरांत आठही होता आणि नऊही. छापणाऱ्याची बदमाशी, दुसरं काय.

"सकाळी मापून दावते दोघालाबी," असं म्हणून ती सूप घेऊन आत गेली.

दिवेलागणीला भाकरी थापता थापता ती कलंडली. सून ओरडली. दवाखान्यात न्यायला गाडी आली तोवर काही उरलं नव्हतं. लेक धर्माबादला दिलेली. ती नांदेडहून गाडी धरून येईस्तोवर उजाडणार, म्हणून माती सकाळी करायची ठरली.

माणसं येत होती, बोलत होती. मला ऐकू येत होतं, पण काय बोलून राहिले ते कळत नव्हतं. बायको समोर निजवलेली आणि मी ज्वारी भागतोय. नऊ यायचे. मग तिचा आवाज यायचा, आठ. मग आणखी एक गुंता झाला. त्या घरातलं एक माणूस कमी झालं तर? रोज दोन किलो कशाला लागंल? मग किती दिवस पुरंल? हे पुस्तकात विचारलेलंच न्हाई. मला रडू येत नव्हतं, नुसता हिशेब येत होता आणि तोही चुकत होता.

थोरली वहिनी, माझ्या भावाची बायको, आता घरात तीच मोठी. ती नातीला जवळ घेऊन म्हणाली, "आता कसली परीक्षा माय. सुतक हाय. तेरवीपस्तोर उंबरा ओलांडायचा न्हाई." पोरानं मान खाली घातली. थोड्या वेळानं नात माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आबा, परवा पेपरात नऊ लिहू का आठ?"

म्हणजे तिला जायचं होतं. सरळ विचारायची छाती नव्हती.

"सकाळी सांगतो," मी म्हणालो.

उजाडलं तसा मी उठलो. नातीला आतल्या घरात बोलावलं. हिचं लोखंडी माप दोन किलोच्या अंदाजाचं. त्यानं कोठीतली नऊ मापं एका डब्यात भरली आणि मग डब्यातून एकेक काढून परातीत ओतायला लागलो. पहिल्या मापाला आमच्याकडं एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. लाभ. दोन. तीन. आठला माझा हात थांबला. मी थांबवला नव्हता.

"आबा, आजून एक हाय की."

"हाय. राहू दे."

"मग नऊ का आठ?"

"पेपरात नऊ लिही. त्या लोकांना आपलं घर ठाऊक न्हाई."

वहिनी दारात येऊन उभी होती. "भाऊजी, येड लागलं का? माती व्हायचीय आन् तुमी ज्वारी मापून राहिले?"

"हाव, मापून राहिलो. उद्या पोरगी लातूरला जाईल. तिच्या वाट्याचं सुतक मी पाळतो."

मी तिथूनच पोराला हाक मारली आणि मोटरसायकलमध्ये पेट्रोल भरून ठेव म्हणून सांगितलं. त्यानं खुंटीवरची किल्ली काढली.

मग परातीतली ज्वारी परत डब्यात ओतायला घेतली. ओततानाही मापानंच ओतत होतो.

"आबा, काढले आठ आन् भरले सातच," नात म्हणाली.

सांडली तर कुठं दिसत नव्हती. कुठं चुकलं, कळेना. तळाचं एक माप सोडून बाकी पुन्हा परातीत उपसलं आणि लाभपासून मापायला घेतलं. चार झाले, तेवढ्यात बाहेर लेकीची गाडी थांबली. माप डब्यातच ठेवलं, झाकण लावलं आणि तिला आत आणायला गेलो.