अर्धं तोंड यंत्राने, अर्धं हाताने

दातांच्या डॉक्टरबाईंना त्या दिवशी एका शिंप्याने पेचात टाकलं. खुर्चीत आडवा होता होता त्याने आधी ट्रेमधल्या हत्यारांकडे बोट दाखवलं, मग कोपऱ्यातल्या नव्या यंत्राकडे, आणि विचारलं, "बाई, दातांवरचं कीटण काढायला यातलं कमी दुखतं ते कुठलं?"

बाईंनी ट्रेकडे बघितलं, मग यंत्राकडे. आयुष्यभर लोकांचे दात खरवडले, पण स्वतः त्या खुर्चीत बसून किती वर्षं झाली, हे त्यांनाच आठवेना. "दोन्ही चांगलीच आहेत," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि नेहमीच्या हत्याराने काम उरकलं.

प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी सुनेला गाठलं. सूनही दातांचीच डॉक्टर. लग्न होऊन आली ती यंत्रासकट. त्याचं टोक इतकं भराभर थरथरायचं की डोळ्याला कळायचंही नाही. त्या थरथरीने कीटण सुटायचं आणि टोकाशी उडणारं पाणी ते धुऊन न्यायचं. बाईंची हत्यारं साधी, पोलादी. एकाचं टोक विळ्यासारखं, दुसऱ्याचं इवल्याशा चमच्यासारखं. त्यांना धार लावायचं काम बाई कुणाकडे सोपवत नसत.

"कशाने कमी दुखतं गं? तुमच्या पुस्तकांत काय लिहिलंय?"

"कुणी काही लिहितं, कुणी काही, आई."

"लिहिणारे खुर्चीत झोपले होते का कधी?" बाईंनी विचारलं आणि त्या सरळ खुर्चीत जाऊन बसल्या. "माझंच तोंड घे. डावी बाजू यंत्राने, उजवी हाताने."

"तुमच्या तोंडात हत्यार घालू? मी?"

"संधी आलीय, सोडू नकोस. मला उलटून बोलताही येणार नाही."

सून खुदकन हसली. खुर्ची मागे झुकली आणि बाईंना पहिल्यांदाच आपल्या दवाखान्याचं छत नीट दिसलं. पंख्याच्या वाटीला हे एवढं जळमट! रोज इतके लोक ते बघत पडतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

"आई," तोंडात आरसा घालून सून म्हणाली, "खालच्या दातांमागे कीटणाचा चक्क बांध घातलाय तुम्ही. दुसऱ्यांना एवढं सांगता ते?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

यंत्र सुरू झालं. त्याची बारीक किणकिण बाहेरून ऐकायची सवय होती, आता ती थेट कवटीत घुमत होती. दुखत मात्र नव्हतं. नुसत्या गुदगुल्या. मग एका दाढेच्या उघड्या पडलेल्या मुळावर गार पाणी लागलं आणि बाईंच्या पायाची बोटं वळली. पण बघता बघता डावी बाजू झालीसुद्धा.

उजवीकडे हात चालू लागला. गार पाणी नाही, किणकिण नाही. पण ती खरखर! अंगणात खडीचा ट्रक रिकामा करावा तशी. शिवाय सुनेला दर ओढीला जोर लावावा लागत होता, आणि तो थेट जबड्याला जाणवत होता.

झाल्यावर बाईंनी आरसा आणि बारीक आकडा घेऊन स्वतःचं तोंड तपासलं. डाव्या दाढेपाशी, हिरडीच्या आत, कीटणाचा एक खडा राहून गेला होता. उजवी बाजू गुळगुळीत होती, पण हिरडी ठणकत होती.

"हा तुझा हात झाला. माझा कसा आहे?" बाई उठल्या. "बैस."

आता सुनेची पाळी. बाईंनी मन लावून काम केलं आणि विचारलं, "हं, खरं सांग."

सूनबाईने चूळ भरायला जरा जास्तच वेळ लावला. "सुरुवातीला हात अगदी हलका असतो. मग धार उतरायला लागली की तुम्ही जोर लावता."

बाईंनी हत्यार उजेडात धरून धार बघितली. मग म्हणाल्या, "आधी नाही बोललीस ते?"

"आधी तुम्ही माझ्या तोंडात कधी हात घातला होता?"

यावर रागवायचं कसं? उलट बाईंना चेवच आला. यंत्रावर हात बसवायला त्यांनी प्लास्टरच्या दातांवर सुनेची लाल नखपॉलिश फासली, ती सुकू दिली आणि यंत्राने ती खरवडायला बसल्या. आधी सवयीने दाबून बघितलं, पण पॉलिश हलेना. हात सैल सोडून टोक आडवं टेकवलं, तशी ती भराभर निघाली. "अगं, याला दाबलेलं आवडतच नाही!" त्या ओरडल्या.

पुढच्या पेशंटपासून बाईंनी रीतच बदलली. आधी विचारायचं, गार लागतं का, कुठे? तिथे हात, बाकी यंत्र, आणि शेवटी हिरडीच्या आत पुन्हा चमच्याचं टोक. काम अर्धं झालं की हातातलं हत्यार बाजूला ठेवून धारेचं दुसरं घ्यायचं.

त्या रात्री जेवताना मात्र बाई एकदम गप्प होत्या. काही बिनसलं की काय, म्हणून नवरा चोरून सुनेकडे बघू लागला. बिनसलं काहीच नव्हतं. खालच्या दातांमागचा बांध गेला होता, तिथे नव्याच फटी उघड्या पडल्या होत्या आणि बाईंची जीभ एकेक फट चाचपत हिंडत होती.