गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा

बातमी जिन्यातच कळली. ठाकुर्ली स्टेशनवरून भाजी घेऊन मी वर चढत होतो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई धावत खाली आल्या. "अहो, तुमच्या मामी उठतच नाहीयेत..." नलूमामी दुपारी जरा आडवी झाली होती, ती तशीच गेली. याला आता दीड महिना झाला. भाग्यवान हो, कुणाकडून काही करून घ्यावं लागलं नाही, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. एक गोष्ट तिला आमच्याकडून हवी होती आणि ती आम्ही केली नाही.

मामांच्या मागे ती आमच्याच इमारतीत एकटी राहायची. गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा तिला भाजी लावायला हवा होता. संक्रांत झाली की खडू घेऊन ती वर जायची आणि टाकीची सावली सकाळी कुठवर येते, दुपारी कुठे सरकते, ते आखून ठेवायची. भेंडी उन्हात, अळू सावलीत, दोडक्याचा वेल कठड्याला, सगळं ठरलेलं. एकदा आमचे अध्यक्ष वर आले.

"काय काकू, लंगडी खेळताय?"

"या की तुम्हीपण," मामी वाकल्या वाकल्याच म्हणाली. "कमिटीने एक पाय तरी उचलला असं होईल!"

तिचा अर्ज माझ्याकडे होता, कारण सोसायटीचा सेक्रेटरी मीच. स्लॅब गळेल, असं अध्यक्षांचं म्हणणं. मामी विटांवर ट्रे ठेवणार होती, खाली थेंब पडू देणार नव्हती. मीटिंग असली की ती दार उघडं ठेवून माझी वाट बघायची.

"माझा विषय निघाला का रे, सुधीर?"

"वेळच संपला गं, मामी."

"अरे, होळीनंतर लावलेलं रोप उन्हाशी भांडण्यातच दमतं. तुमच्या मीटिंगसाठी ऊन थांबणारे का?"

विषय निघत नव्हता, कारण मीच तो काढत नव्हतो. अध्यक्षांशी वाकडं नको, एवढंच कारण. असे दोन वसंत गेले.

मग शोकसभा झाली. अध्यक्ष गहिवरून बोलले, "काकू म्हणजे निसर्गवेड्या..." गच्चीच्या त्याच कोपऱ्यात स्मृतिउद्यान करायचं, ग्रॅनाइटची पाटी लावायची, हा ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला. एकानेही स्लॅबचं नाव काढलं नाही. जिवंत बाईच्या कुंड्यांनी स्लॅब गळतो आणि मेलेल्या बाईच्या कुंड्यांनी गळत नाही? हे मी तिथे मोठ्याने विचारलं. तेवढ्यात चहा आला आणि सगळे कपांकडे वळले. बरोबरच आहे, इतके दिवस माझी जीभ कुठे होती? ठरावावर सेक्रेटरीची सही लागते. ती मी केलेली नाही.

परवा मामीचं घर झाडायला गेलो, तर दाराच्या कडीला दुधाच्या रिकाम्या पिशव्या अडकवलेल्या. धुतलेल्या, निथळलेल्या. रोपं करायला ती साऱ्या बिऱ्हाडांकडून त्या मागून घ्यायची. ती गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेराव्याला जेवून गेलेत सगळे. तरी कुणाचा तरी हात सवयीने पिशवी धुतो, जिना चढतो आणि तिच्या दाराला अडकवून जातो...

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. एकेका पिशवीच्या तळाला भोकं पाडली, माती भरली, भेंडीचं बी टोचलं. उद्या सकाळी सगळ्या वर नेतोय. अर्ज केलेला नाही.